लाटंबार्शाच्या दगडातलं निकेल

लोखंड मुळात येतं कुठून, हा प्रश्न खाणीवरच्या माझ्या सगळ्या नोकरीत मला एकाच माणसाने विचारला. बाकीच्यांना लोखंड जातं कुठे यातच रस होता. विचारणारा लाटंबार्शाचा एक शेतकरी होता, सहीच्या जागी अंगठा उठवणारा, आणि त्याला मी बरोबर उत्तर दिलं. त्याच सुमारास मॅनेजरने विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी चुकीचं उत्तर दिलं. बरोबर उत्तर हवेत विरलं. चुकीचं उत्तर टाइप झालं, त्यावर शिक्का बसला, आणि त्याने एक टेकडी खाल्ली.

मी नाईक, पेडण्याचा, कोरगावचा. बापूस दुसऱ्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, काजू वेचायचा. गोवा मुक्त झाला, गावात शाळा झाल्या, आणि त्या लाटेत मी म्हापशाच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी मिरवूनच सांगतो. खोटी नम्रता मला जमत नाही. डिचोलीजवळच्या एका खाण कंपनीच्या लॅबमध्ये लागलो तेव्हा बापूस गावभर सांगत सुटला, "आमचो विनायक मातीची परीक्षा घेता." शेजारच्या पांडूकाकाने विचारलं, "आनी माती पास जाता?" पुढे तीस-पस्तीस वर्षं मी नेमकं तेच केलं. माती पास की नापास ते ठरवलं.

काम बाहेरच्याला सांगायचं तर सोपं आहे. डोंगरातून निघालेली तांबडी माती आणि दगड ट्रकने नदीवर, तिथून बार्जने बंदरात आणि बोटीने परदेशी जातात. घेणारा विचारतो, यात लोखंड किती? ढीग डोंगराएवढा, तपासायचा चमचाभर. म्हणून आधी ढिगाच्या सगळ्या अंगांनी थोडं थोडं खणून आणायचं, कुटायचं, त्याचा शंकू करायचा, तो चपटा करून भाकरीसारखे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवून दोन टाकायचे. परत शंकू, परत चार भाग. शेवटी मूठभर उरतं. ते वाटून, वाळवून, ॲसिडात विरघळवून काचेच्या नळीतून थेंबथेंब औषध सोडायचं. हिरवा रंग एका थेंबासरशी जांभळा होतो तिथे हात थांबवायचा. तो शेवटचा थेंब म्हणजे माझी नोकरी. अर्धा थेंब जास्त पडला तर परदेशातून तार यायची.

सगळा नमुना एकदम वापरायचा नाही, अर्धा राखून ठेवायचा, हा एक नियम. आणि दुसरा, जो मी हाताखालच्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवायचो: नवीन तपासणी असेल तेव्हा आधी कोरी करून बघायची. म्हणजे ॲसिड, भांडी, औषधं, आग सगळं तेच, फक्त दगड घालायचा नाही. दगड न घालता काय दिसतं ते कळलं, की दगड घातल्यावर दिसलेलं खरं. हा नियम मी शेकडो वेळा सांगितला असेल. मोडला एकदाच.

तर लाटंबार्सें. गावाच्या वरच्या अंगाला कंपनीच्या लीजमध्ये एक तेंबी होती, तेंबी म्हणजे लहान टेकडी. माथ्यावर एक छोटी घुमटी, घुमटीत एक काळपट, तांबूस, नारळाएवढा दगड. तो राखणदार, त्या जागेचा पहारेकरी. त्याला वर्षातून एकदा नारळ आणि रोट, म्हणजे जाड भाकरी, द्यायचा, बाकी वर्षभर तो तुमची गुरं, शेतं आणि रस्त्याने उशिरा परतणारी माणसं सांभाळणार. तेंबीच्या पायथ्याशी बारमाही झर. त्या झरीवर शाणू गावस या शेतकऱ्याचं वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, आणि खाली पाच-सहा घरांचं पिण्याचं पाणी. घुमटीला दिवा लावायचं कामही शाणूमामाच्याच घराकडे, पिढ्यान् पिढ्या.

तेंबीच्या पोटात माल चांगला होता. मीच पास केला होता. पण यंत्र घुमटीपाशी नेतो म्हटल्यावर कंपनीचे ट्रकवाले खाली उतरले. त्यातले अर्धे डिचोलीचे, अर्धे दोडामार्ग-सावंतवाडीकडचे, आणि राखणदाराच्या बाबतीत दोन्हीकडच्यांचं एकमत.

आमचे मॅनेजर नाडकर्णीसाहेब. भांडण करणारा माणूस नव्हे, कागद करणारा माणूस. त्यांनी गावकऱ्यांना पंचायतीत बोलावलं, चहा-भजी दिली आणि विचारलं, "हा दगड आला कुठून?"

"वयल्यान पडलो," शाणूमामा आभाळाकडे बोट करून म्हणाला. "आमच्या पणज्यान पडताना दोळ्यांनी पळयलो. उजेड जालो, गडगडलां, आनी सकाळी बघता तर तेंबयेर दगड. हून आसलो, हात लावंक येयना."

"बघितलंत?" साहेब आनंदाने म्हणाले. "मग ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे लॅब आहे, शिकलेला माणूस आहे. तपासून घेऊ."

आणि कागद केला. तो वाचून दाखवायचं काम अर्थातच माझ्याकडे, कारण मी पदवीधर. मी खणखणीत आवाजात वाचला: दगड इथल्याच खनिजाचा असल्यास ते गावचं देवस्थान मानून तेंबी झरीसकट आहे तशी सोडण्यात येईल. दगड आकाशातून पडल्याचं सिद्ध झाल्यास ती मोलाची वस्तू समजून कंपनी तो सुरक्षित ठिकाणी हलवील, आणि मग तेंबीवर काम करण्यास गावाची हरकत राहणार नाही.

आज तो कागद डोळ्यांपुढे आणला की अक्षर न् अक्षर स्वच्छ दिसतं. दगड साधा निघाला तर तेंबी वाचली. आकाशातला निघाला तर गेली. दुसरीतल्या पोराला कळावं इतकं सरळ. पण त्या खोलीत कुणाला दगड साधा हवा होता? गावाला आपला देव आभाळातला ठरायला हवा होता. शाणूमामाला पणजा खोटा पडायला नको होता. मला दगडधोंड्यांच्या टक्केवारीतून सुटून एकदा तरी शास्त्रज्ञासारखं काम करायचं होतं. आम्ही सगळे वर बघत होतो. खाली कागदाकडे एकटे नाडकर्णीसाहेब बघत होते.

"समजलं ना, शाणूमामा?" मी विचारलं.

"समजलें. वयलो म्हण सिद्ध जाल्यार मोलाचो. बरें बरयलां." आणि त्याने अंगठा उठवला.

आता तपासायचं कसं? आकाशातून पडलेल्या लोखंडात निकेल असतं, आपल्या डोंगरातल्या लोखंडात नावापुरतंही नसतं. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा जड लोखंड आणि त्याचा सोबती निकेल दोघे मिळून तळाला गेले. आपल्या डोंगरातलं लोखंड म्हणजे पुढे पाण्यातून साचलेला गंज. निकेल काही त्याच्याबरोबर वर आलं नाही. आकाशातून पडतो तो तुकडा एखाद्या फुटलेल्या लहान ग्रहाच्या पोटातला, म्हणून त्यात ते दोघे अजून एकत्र. निकेल हा त्या दगडाचा पासपोर्ट.

खरं तर कानशीने घासून आत चकचकीत धातू दिसतो का बघितलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण देवाला कानस लावायची म्हणजे परवानगी हवी. देवळात गुरवाने मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, कानस मारू? पाकळी डावीकडची पडली. म्हणजे नको. मग विचारलं, नखाएवढी टवकी काढू? बराच वेळ काहीच पडेना. शाणूमामा हात जोडून पुटपुटला, "पोरगो शिकिल्लो आसा, नाजूक हातान काडटलो." उजवी पाकळी पडली. गुरव माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या लॅबांत इतक्या बेगीन जाता?" मी म्हटलं, "नाही, वेळ लागतो. आम्ही तीनदा विचारतो."

मिळाली ती टवकी वरच्या गंजाची, डाळीच्या चार दाण्यांएवढी. ती मी रेशमी रुमालात बांधून आणली. कॉलेजच्या जुन्या सरांकडून निकेल ओळखायच्या औषधाची पुडी मागून घेतली. टवकीचे दोन भाग केले. अर्धा राखीव म्हणून कुपीत. अर्धा साध्या ॲसिडात टाकायचा मला धीर होईना. देवाचा तुकडा, एक कणही न विरघळता राहायला नको. म्हणून लॅबमधली सगळ्यात जालीम रीत काढली. हट्टी दगडांसाठी आम्ही ती रोज वापरायचो: पूड एका मुशीत घालायची, मूस म्हणजे धातूची वाटी, वर तीव्र अल्कली घालून लालबुंद तापवायची. दगड मेणासारखा वितळतो. मग तो पाण्यात, ॲसिडात घेऊन, लोखंड मध्ये पडू नये म्हणून त्याला आवरून, औषधाचे थेंब सोडले.

रंग आला. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, आगळात नारळाचा रस पडावा तसा गुलाबी-लाल साका हळूहळू धरत गेला. एवढी वर्षं मी जांभळ्या थेंबाचा माणूस होतो. हा लाल माझ्या आयुष्यातला पहिला.

अहवाल दुपारी लिहिला. खाली सही केली, त्यापुढे बी.एस्सी. लिहिलं. एरवी मी लिहीत नसे.

गावाने देवळासमोर मांडव घालून माझं व्याख्यान ठेवलं. मी तयारी करून गेलो होतो. सांगितलं की विश्वाच्या सुरुवातीला, पहिल्या काही मिनिटांत, फक्त हायड्रोजन आणि हेलियम तयार झाले आणि चिमूटभर लिथियम. बाकी कोठार रिकामं. मग तारे झाले. तारा म्हणजे फेणीची भट्टीच समजा, पण उलटी: ही हलक्यातून जड काढते. हायड्रोजनचं हेलियम, हेलियमचा कार्बन, पुढे ऑक्सिजन, सिलिकॉन, प्रत्येक वेळी आच वाढवत. आणि शेवटी लोखंड. लोखंडाशी भट्टी विझते, कारण लोखंड जाळून आणखी उष्णता मिळत नाही. लोखंड म्हणजे ताऱ्याच्या चुलीतली राख. ती साठली की मोठा तारा स्वतःच्या वजनाने आत कोसळतो आणि फुटतो. फुटतो तेव्हा सगळं आभाळभर उधळतं.

"आनी सोने?" मागून एका बाईने विचारलं. व्याख्यानाला बायका आल्या होत्या त्या बहुधा याच प्रश्नासाठी.

सोनं, युरेनियम अशी जड मंडळी अशा स्फोटांत झाली, असं मी तेव्हा सांगितलं. हल्ली म्हणतात मेलेले दोन तारे एकमेकांवर आदळतात तेव्हाही होतात. निसर्गात सापडणारी मूलद्रव्यं युरेनियमपर्यंत, म्हणजे आवर्तसारणीच्या ब्याण्णवाव्या घरापर्यंत. त्यातही त्रेचाळिसावं आणि एकसष्टावं ही दोन घरं जवळजवळ रिकामी. ती मंडळी ताऱ्यात जन्मतात पण टिकत नाहीत, आपल्याकडे पोहोचेपर्यंत विरून गेली. ब्याण्णवाच्या पुढची माणसाने स्वतः घडवली, आणि त्यातली बरीच क्षणाची पाहुणी.

तेव्हा शाणूमामाने तो प्रश्न विचारला. पहिल्या रांगेत बसला होता, नवीन पंचा खांद्यावर.

"रे नायका, एक सांग. आमचो राखणदार वयल्यान पडलो तें समजलें. पूण ह्या दोंगरांतलें लोखण खंयसून आयलें? मुळात?"

"तेही ताऱ्यातूनच, मामा. पृथ्वी जमून आली तेव्हाच आलेलं."

"म्हणजे तेंय वयल्यान?"

"हो. तेही वरूनच."

"खोऱ्याचें? कोयत्याचें?"

"तेही. तुमच्या रक्तातलंसुद्धा."

त्याने खांद्यावरचा पंचा सारखा केला. मग म्हणाला, "मगे साहेब ह्याच दगडाक कित्याक मोलाचो म्हणता?"

मांडव हसला. मीही हसलो. सगळं मर्म त्या एका वाक्यात होतं आणि मी त्यावर शिकलेल्या माणसाचं हसू हसलो.

चार दिवसांनी कंपनीची जीप तेंबीवर आली. कापूस भरलेली लाकडी पेटी होती. नाडकर्णीसाहेबांनी स्वतः नारळ फोडला, दगडाला नमस्कार केला आणि पेटीत घालायला लावला. शाणूमामा आडवा उभा राहिला.

"खंय व्हरतात?"

"पणजीला, हेड ऑफिसात. काचेच्या कपाटात राहील, शाणूबाब. मोठमोठे लोक बघतील."

"बघूंदी. मगे परत हाडून दितले?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "नाईक, तुम्ही कागद वाचून दाखवला होता ना?"

"होय साहेब."

"सगळा?"

"सगळा."

शाणूमामा माझ्याकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुवें वाचलेलो तो. माका आयकूंक येयना जाल्लें." आणि बाजूला झाला. अंगठ्याचा मान त्याने राखला.

पावसाळा होता, त्यामुळे खणायचं काम चतुर्थी-दसऱ्यानंतर सुरू होणार होतं. तेवढ्यात हेड ऑफिसात कपाट बसलं, कुणी मोठे पाहुणे येऊन पडदा ओढून गेले, आणि पितळी पाटी लागली. पाटीवर माझं नाव असल्याचं कळलं तेव्हा मी बापसाला पत्र लिहिलं. तो पेडण्याला जाऊन पेढे घेऊन आला आणि घरोघर वाटून आला.

मग एका सकाळी लॅबमध्ये आमची जुनी मूस फुटली. रोजच्या तापवण्याने तळ झिजून झिजून कागदासारखा झाला होता. भोक पडलं आणि वितळलेला रस शेगडीवर सांडला. यात विशेष काही नव्हतं. वर्षाला एक जायचीच. मी स्टोअरच्या मागणीचा फॉर्म काढला आणि एरवीसारखा भरायला बसलो. वस्तूचं नाव: मूस. नग: एक. धातू:

तिथे मी स्वतःच्या हाताने लिहिलं, निकेल.

पेन तसंच राहिलं. मूस निकेलचीच असते. त्या जालीम अल्कलीला दुसरं स्वस्त भांडं टिकत नाही, आणि निकेलही पुरतं टिकत नाही, दर वेळी थोडं थोडं झिजून रसात उतरतं. एरवी त्याने बिघडत नव्हतं, कारण आम्ही लोखंड, सिलिका, फॉस्फरस शोधायचो. निकेल आमच्या लॅबमध्ये आजवर कुणी शोधलंच नव्हतं. मी शोधलं, आणि निकेलच्या वाटीत शोधलं.

नवी मूस आली. दरवाजा लावून मी तेव्हा न केलेली कोरी तपासणी केली. सगळं तेच, फक्त दगड नाही. औषधाचे थेंब सोडले. तोच गुलाबी-लाल साका, तसाच हळूहळू धरलेला, तितकाच सुंदर. भांड्यात दगड नव्हता, आणि तरी तो आकाशातून पडला होता.

मग कुपीतला राखीव अर्धा भाग काढला. काचेच्या भांड्यात, साध्या ॲसिडात, वेळ देऊन विरघळवला. तो सगळा मुकाट्याने विरघळला. त्याला जालीम उपायांची गरज नव्हतीच. औषध सोडलं. काही नाही. परत सोडलं. पाणी पिवळट ते पिवळट. लाटंबार्शाचा राखणदार शंभर टक्के लाटंबार्शाचा होता.

मी दोन पानी दुरुस्ती लिहिली आणि साहेबांसमोर ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"वाटीतलं निकेल?"

"होय साहेब. चूक माझी. दगड साधा आहे. कागदाप्रमाणे तेंबी सोडायला हवी."

"नाईक, तुम्ही याआधी कधी चुकलात?"

"इतका नाही, साहेब."

"मग आताही कशावरून चुकला नाहीत? पहिल्यांदा आहे म्हणालात, दुसऱ्यांदा नाही म्हणता. तिसऱ्यांदा काय म्हणाल?"

"तिसऱ्यांदाही नाहीच म्हणेन."

"असं करू, बाहेरच्या लॅबकडे पाठवू. त्यांचं उत्तर येईपर्यंत पहिला अहवाल चालू." त्यांनी कागद फायलीत लावला, फीत बांधली. "आणि एक सांगतो, तुमचा हितचिंतक म्हणून. पाटी लागलीय. पाहुणे येऊन गेलेत. ज्या माणसाचा एक अहवाल वाटीमुळे चुकतो, त्याच्या बाकीच्या अहवालांवर परदेशी घेणारे कसा विश्वास ठेवतील? तुमच्या सहीवर बोटी सुटतात, नाईक."

बाहेरच्या लॅबकडे पाठवायला नमुनाच उरला नव्हता, आणि दगडाची नवी टवकी काढायला हेड ऑफिसची परवानगी मिळेना. तिथे पाकळ्या लावायची पद्धत नव्हती. मी आणखी दोनदा लिहिलं. दोन्ही कागद फायलीत गेले. वर्तमानपत्रात जायला हवं होतं. बसने पणजी तासाभराची होती. गेलो नाही. घरात धाकट्या बहिणीचं लग्न ठरत होतं, नोकरी नवी नव्हती पण एकुलती होती. कारणं मी तेव्हाही नीट लावून ठेवली होती, आजही तशीच आहेत. ती सगळी खरी आहेत, एवढाच त्यांच्यात दोष.

शाणूमामाला मात्र जाऊन सांगितलं. अंगणात सुपाऱ्या सोलत बसला होता. सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे वयलो न्हय तो?"

"नाही मामा. तेंबीवरचाच."

"पणजो फटयलो तर." थोडा हसला. "उजेड-गडगड म्हणजे वीज पडली आसतली. बरें जालें. हांगाचोच आसा." मग एकदम विचारलं, "आनी कागदार किते आसलें, हांगाचो जाल्यार?"

"तेंबी सोडायची."

"मगे सोड म्हण सांग तुज्या साहेबाक."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

"तुजें आयकनात?" त्याला खरंच नवल वाटलं. "पयलें तर तुजें सगळें आयकले."

दसऱ्यानंतर यंत्र तेंबीखाली आलं. त्या सकाळी घुमटीत दगड होता. शाणूमामाने उतारावरचाच एक उचलून धुऊन ठेवला होता, हळद आणि पिंजर, म्हणजे कुंकू, लावून, पुढे दिवा. यंत्र चालवणारा वेंगुर्ल्याकडचा होता. त्याने यंत्र बंद केलं आणि उतरला. साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"सांगा त्यांना, हा साधा दगड आहे."

मी शाणूमामाला म्हटलं, "मामा, राखणदार तर पणजीला नेला."

"दगड व्हेलो," तो म्हणाला. "राखणदार दगडांत रावना रे. जाग्यार रावता. दगड आमी वळख म्हण दवरतात. मोडलो जाल्यार दुसरो दवरतात. माज्या बापायच्या वेळार एकदा बदललो."

"हे तुम्ही पंचायतीत का नाही सांगितलंत?"

"दगड खंयसून आयलो म्हण विचारलें. जागो खंयसून आयलो म्हण कोणे विचारलें?"

यंत्र आठ दिवस उभं राहिलं. मग साहेबांनी शांतपणे नोटीस लावली: राखणदार कंपनीच्या हेड ऑफिसात सुखरूप आहे, तज्ज्ञ अहवालाने ते सिद्ध झालं आहे, सबब तेंबीवरचा दगड राखणदार नव्हे. खाली माझ्या पहिल्या अहवालाची प्रत, सहीसकट. ड्रायव्हर लोकांनी ती वाचली, आपसात बोलले, आणि माझ्या सहीला मान देऊन कामावर चढले.

दोन हंगामांत तेंबी संपली. तिचा माल आला, माझ्या टेबलावर चार भाग होत होत मूठभर उरला, जांभळा थेंब पडला. उत्तम माल. पास. तिसऱ्या उन्हाळ्यात झर आटली. शाणूमामाने वायंगण सोडलं, खालच्या घरांना कंपनीने टँकर सुरू केला. मी वाटेत भेटलो की तो थांबायचा, खाणं-पिणं विचारायचा. दगडाचं नाव कधी काढलं नाही. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो तेव्हा त्याने मला बसायला पाट द्यायला लावला आणि सुनेला सांगितलं, "टँकराचें नाका, बायचें उदक दी ताका." विहिरीला तेव्हा पाणी नव्हतं. सून आत गेली आणि काही न बोलता चहा घेऊन आली.

मी निवृत्त झालो तेव्हा निरोप समारंभ हेड ऑफिसात होता. इतक्या वर्षांत मी तिथे कामाशिवाय गेलो नव्हतो, आणि त्या कपाटापुढून जावं लागेल म्हणून काम असलं तरी दुसऱ्याला पाठवायचो. त्या दिवशी लवकर पोहोचलो. कपाट होतं. काच पुसलेली, आत दिवा, मखमलीवर तो दगड, त्याच्यावर अजून हळदीचा डाग. खाली पितळ: लाटंबार्सें येथे आकाशातून पडलेला दगड. पृथक्करण: वि. शं. नाईक, बी.एस्सी.

बराच वेळ उभा असल्यामुळे दारावरचा सिक्युरिटीवाला जवळ आला. साखळी गावाकडचा तरुण माणूस, बोलका.

"बघा, पूण काचेक हात लावं नाकात. वयल्यान पडलेलो आसा तो."

"कोणी सांगितलं?"

"हांगा बरयलां न्हय? एका नाईकान तपासलो."

"तो नाईक चुकला होता," मी म्हटलं. "हा दगड साधा आहे. लाटंबार्शाचाच."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. चपला, धोतर नव्हे पण धोतरासारखी पँट, हातात कापडी पिशवी.

"तुमी खंयचे?"

"कोरगावचा. पेडण्याचा."

"बागायतदार?"

"बापूस काजू वेचायचा."

"मगे?" तो हसला. त्यात टोमणा नव्हता, उलट मला सांभाळून घेतल्यासारखंच हसला. पितळेवरच्या शेवटच्या अक्षरांवर बोट ठेवून म्हणाला, "काका, हो मनीस बी.एस्सी. जाल्लो. तो कसो चुकतलो?"